हेमाद्रीचें आयुर्वेदरसायन आणि दीर्घायुष्याची चर्चा

अलीकडे दीर्घायुष्य आणि रोगप्रतिबंध हे विषय वैद्याच्या ओसरीवरून सामान्य गृहस्थाच्या बोलण्यांत आले आहेत. आमच्या बोळिंजांत पहांटे फिरावयास निघालेली मंडळी मनगटावरील घड्याळांत पावलें मोजतात आणि आजार नसतांही रक्तांतील साखर तपासून घेतात. त्यांच्या बोलण्यांत दोन विधानें वारंवार कानीं येतात. रोग होण्यापूर्वींच त्याचें निवारण करावें ही कल्पना पाश्चात्त्यांकडून नवीन आली, हें एक. आपले पूर्वज ही विद्या जाणत असल्यामुळें शंभर वर्षें जगत, हें दुसरें. दोन्ही विधानें पुराव्यास टिकत नाहींत.

पहिल्याचें निराकरण सोपें आहे. चरकसंहितेच्या पहिल्या अध्यायाचें नांव दीर्घंजीवितीय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील पहिल्याचें आयुष्कामीय. पुढें दिनचर्या व ऋतुचर्या येतात, आणि चौथा अध्याय तर रोगानुत्पादनीय, म्हणजे रोग उत्पन्नच होऊं नयेत यासंबंधींचा. मल, मूत्र, भूक, तहान, झोंप, अश्रु यांचे वेग अडवूं नयेत. लोभ, ईर्ष्या, द्वेष यांचे मात्र आवरावेत, असा त्यांतील विषय आहे. घंटा होईपर्यंत मुलांस वर्गाबाहेर जाऊं न देणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं हा अध्याय वेळींच वाचावयास हवा होता.

या ग्रंथावरील टीकांपैकीं आमच्या प्रांताशीं संबंध येतो तो हेमाद्रीच्या टीकेचा. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांचा हा श्रीकरणाधिप. महादेवानें इ. स. १२६५ च्या सुमारास उत्तर कोंकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पाडाव केला. सोमेश्वर समुद्रांत बुडाला, हें हेमाद्रीच्याच प्रशस्तींत आहे. सोपारें, आगाशी, बोळिंज हा टापू अशा रीतीनें यादवांकडे आला. लोक हेमाद्रीस हेमाडपंती देवळांवरून ओळखतात. त्याची आयुर्वेदरसायन ही टीका वैद्यांपलीकडे फारसें कोणी उघडून पाहत नाहीं. ती संपूर्ण ग्रंथावर उपलब्ध नाहीं. हरिशास्त्री पराडकर यांनीं अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरेसह संपादिलेली आवृत्ति मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३९ सालीं प्रसिद्ध केली.

टीकेच्या आरंभीं हेमाद्रि जें प्रयोजन सांगतो तें लक्ष देण्याजोगें आहे. चतुर्वर्गचिंतामणींत आपण जीं व्रतें व दानें सांगितलीं तीं सिद्धीस जाण्यास आरोग्य हें अंग होय, आणि त्या आरोग्यासाठीं ही टीका, असा त्याचा आशय. वाग्भटही आयुष्याची इच्छा करावी ती धर्म, अर्थ व सुख यांचें साधन म्हणून, असेंच म्हणतो. व्रतांचा व उपवासांचा एवढा संभार रचणाऱ्या पंडितास तीं पार पाडणाऱ्याच्या देहाचीही काळजी वाटली, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

परंतु यावरून दुसरें विधान सिद्ध होत नाहीं. शास्त्र होतें म्हणून सर्व लोक त्याप्रमाणें वागत, असें म्हणतां येत नाहीं. नित्य तैलाभ्यंग, दूध, तूप, ग्रीष्मांत चंदनाची उटी ही चर्या ज्यास परवडे त्याची. केळीच्या वाडीस पाणी लावणाऱ्यास ती कोठून साधणार? शिवाय देवी आणि पटकी यांपुढें पथ्य चालत नसे. हिंदुस्थानांतील देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोंचली गेली; ती बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें आली होती. प्लेगची लस हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंतच प्रथम स्वतःस टोंचून घेतली. तरीही १९११ ते १९२१ या दशकांत, ज्यांत १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ येते, हिंदुस्थानांतील सरासरी आयुर्मान सुमारें २० वर्षें होतें असा अंदाज आहे. आज तें ७० च्या आसपास आहे. जुन्या सरासरींत बालमृत्यूंचा वाटा फार मोठा. म्हातारीं माणसें तेव्हां नव्हतींच, असा तिचा अर्थ नाहीं. जीं उरलीं तींच घरोघर आठवणींत राहिलीं, आणि शंभर वर्षांच्या पूर्वजांची समजूत बहुधा त्यांवरूनच झाली असावी.

रोगानुत्पादनीय अध्यायावरील हेमाद्रीची टीका अरुणदत्ताच्या टीकेशीं पदशः ताडून पाहण्याचें काम प्रस्तुत लेखकानें हातीं घेतलें आहे. सकाळीं रक्तदाबाची गोळी घेऊन बसलें म्हणजे रोज दोन पानें होतात.