आपली जहागीर होती म्हणे...

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय. "आपली जहागीर होती रे!" लग्नाची पंगत असो की दिवाळीचा फराळ, कुणीतरी काका हे काढणारच.

मागच्या दिवाळीत सिद्धेश्वरला गेलो होतो. धरणाच्या भिंतीवर उभं राहून आत्याने पूर्णेच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "ती बघ आपली जमीन." पाणीच पाणी! रात्री तिने ट्रंकेतून एक जुना कागद काढून दिला. उर्दूत होता, कुणालाच वाचता येईना. शेवटी परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतला. साल फसली १३१२, म्हणजे १९०२-०३. आणि निघालं काय? रुसूमाची पावती!

आता हे रुसूम काय? निजामी राज्यात पूर्वी देशमुख-देशपांडे सारा वसूल करायचे आणि त्यात आपला हक्क ठेवायचे. सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून वसुली सरकारी तहसीलदारांकडे दिली. जुन्या वतनदारांना बदल्यात दरसाल रोख रक्कम मिळू लागली, तेच रुसूम. थोडक्यात, आम्ही जहागीरदार नव्हतोच. देशपांडेपणातले एक छोटे हिस्सेदार, इतकंच. (काकालोक, माफ करा!)

पण गंमत अशी की खरा जहागीरदारही तसा जमिनीचा मालक नसायचा. त्याला मिळालेला असायचा साऱ्याचा हक्क. तो गेला की वारसाला दरबारची मंजुरी लागायची. राज्याचा साधारण साठ टक्के मुलूख दिवाणी, दहा टक्के खुद्द निजामाचा सर्फ-ए-खास आणि उरलेला तीस टक्के जहागिरींचा. काही मोठ्या जहागिरदारांची पोलीस आणि कोर्टंसुद्धा स्वतःची होती.

हे सगळं फक्त आपल्याकडेच, असं वाटत होतं. मग जपानच्या 'शोएन'बद्दल वाचलं. तिथे ७४३ साली कायदा झाला, की पडीक जमीन लागवडीखाली आणेल त्याच्याकडेच ती कायम राहील. पुढे सरदार आणि देवळं यांच्या मोठमोठ्या जहागिरी झाल्या. सारा माफ, सरकारी माणसाला आत यायला बंदी. एकाच शेतावर वरच्या आश्रयदात्याचा हक्क, कारभाऱ्याचा हक्क, कसणाऱ्याचा हक्क, अशी उतरंड! त्या हक्कांना 'शिकी' म्हणत. सोळाव्या शतकाच्या शेवटी हिदेयोशीने सगळ्या जमिनीची मोजणी केली आणि प्रत्येक शेतापुढे कसणाऱ्याचं नाव लिहून घेतलं. शोएन तिथे संपले. (कसणारा त्यामुळे सुखी झाला असं नाही, सारा भरायची जबाबदारीही त्याच्याच नावावर आली.)

नाव लिहून घेतलं... इथे मी अडकलो.

आपल्याकडे सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून नोंद मिळू लागली. अर्थात, नाव लागलं तर!

पाण्याखालची आमची जमीन रुसूमाहून वेगळी, घरची खरेदीची. ती कसायला एक कूळ होतं, वर्षानुवर्षं. साठच्या दशकात धरण आलं तेव्हा मोबदला आजोबांना मिळाला, कारण कागदावर त्यांचंच नाव. कुळाचं नाव कधी लागलंच नव्हतं. का लागलं नाही, ते आत्याने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. मी फक्त त्या माणसाचं नाव विचारलं.

आत्या बराच वेळ आठवत राहिली. त्याची बैलजोडी आठवली, मिरगाला तो सगळ्यांच्या आधी शेतात जायचा हे आठवलं, त्याच्या बायकोच्या हातची ज्वारीची भाकरी आठवली. नाव काही आठवेना.

असो. पुढच्या दिवाळीत जहागिरीचा विषय निघाला की मी हेच सांगणार आहे. तोवर नातेवाइकांपैकी कुणाला ते नाव माहीत असेल तर जरूर कळवा. निदान इथे तरी लिहून ठेवीन.