पावसांत अडकलेला प्रवासी

१७७३ च्या ऑगस्टमध्यें डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन लंडनहून एडिंबरोस आला, तेव्हां त्यास चौसष्टावें वर्ष चालू होतें. इंग्रजी भाषेचा हा कोशकार स्कॉच लोकांच्या थट्टेविषयीं प्रसिद्ध. आणि सोबती जेम्स बॉस्वेल तर जातीचा स्कॉच वकील! एडिंबरोच्या उंच घरांतून रात्रीं रस्त्यावर घाण ओतण्याची चाल होती. अंधारांतून जातां जातां जॉन्सननें त्या दुर्गंधीची तक्रार बॉस्वेलच्या कानांत केली.

१८ ऑगस्टला दोघे निघाले. इन्व्हर्नेसपर्यंत गाडी चालली. पुढें गाडीरस्ताच नाहीं, म्हणून घोडीं घ्यावीं लागलीं. जॉन्सनचा देह पाहतां कींव घोड्याचीच यावी.

२ सप्टेंबरला ते स्काय बेटावर उतरले. अटलांटिकवरून येणारे ओले वारे तेथील डोंगरांना अडतात, त्यामुळें शरदांत पावसाला खळ नसतो. आज निघूं, उद्यां निघूं, असें होऊन यजमानांच्या घरचा मुक्काम लांबे. जॉन्सन कुरकुरला खरा; पण घाईच्या प्रवाशास न दिसणारें पुष्कळ त्यास या सक्तीच्या विश्रांतीमुळें दिसलें.

१७४६ सालीं कलोडनच्या लढाईंत जॅकोबाइट पक्षाचा मोड झाल्यावर सरकारनें डोंगरी लोकांचीं शस्त्रें काढून घेतलीं व त्यांच्या पोशाखावरहि बंदी घातली. कुळांचे नायक हळूहळू नुसते जमीनदार बनले, खंड चढले, आणि माणसें अमेरिकेच्या जहाजांवर चढूं लागलीं. आर्मडेल येथें अनुकूल वाऱ्याची वाट पाहत असतां पाहुण्यांनीं ‘अमेरिका’ नांवाचा नाच पाहिला. एका जोडप्यामागून दुसरें उठे. शेवटीं सगळेंच गरगर फिरूं लागे. गांव ओस कसें पडतें, तेंच तें सोंग! पराभूत राजपुत्र चार्ल्स याला दासीच्या वेषांत वांचविणारी फ्लोरा मॅक्डोनल्ड किंग्जबर्ग येथें भेटली. राजपुत्र निजला होता त्याच पलंगावर जॉन्सन निजला. पुढच्याच वर्षीं, १७७४ त, तीहि देश सोडून अमेरिकेस गेली.

३ ऑक्टोबरला मल बेटाकडे निघालेलें गलबत वादळांत सांपडलें. घाबरलेला बॉस्वेल, आपण काय मदत करावी, असें विचारूं लागला. तेव्हां त्याच्या हातीं डोलकाठीचा एक दोर देऊन, सांगेपर्यंत धरून ठेवा, असें बजावण्यांत आलें. दोराचें काम कांहींच नव्हतें. गृहस्थ गुंतून राहावा, एवढाच हेतु! जॉन्सन मात्र खालीं, पाठीशीं एका शिकारी कुत्र्याची ऊब घेऊन, स्वस्थ पडला होता. गलबत कॉल बेटास लागलें, व तेथें हवेनें त्यांना आणखी दहा दिवस कोंडलें.

२८ ऑक्टोबरला ग्लासगोच्या खाणावळींत पोंचल्यावर जॉन्सनला साठलेलीं पत्रें मिळालीं. समोर दगडी कोळशाचा विस्तव होता. त्याच्या दोहों बाजूंस एकेक पाय टाकून म्हातारा मोठ्या आनंदानें शेकत बसला.