जाझ : एका सैल पाटीची कहाणी

सॅक्सोफोन दिसला आणि ड्रमवर काठी पडली, की त्या संगीताला ‘जाझ’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी सवय. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मुले एखाद्या चित्रपटातली धून वाजवतात आणि पुढच्या रांगेत बसलेले आम्ही प्राध्यापक मान डोलावून म्हणतो, “वा, जाझ छान झाला!” पण वाचकहो, हा दोष एकट्या आपला नव्हे. ही पाटी जन्मापासूनच सैल आहे.

हा शब्द मुळी संगीताचा नव्हताच. १९१२-१३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील वर्तमानपत्रांत तो बेसबॉलच्या संदर्भात, ‘जोम’, ‘उसळी’ अशा अर्थाने येतो. संगीताला तो चिकटलेला दिसतो १९१५ च्या आसपास, शिकागोत. संगीत मात्र त्याआधीच न्यू ऑर्लिन्स शहरात, मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांच्या हातून घडत होते. म्हणजे मूल जन्मले एका गावी, बारसे झाले दुसऱ्या गावी!

पुढची गंमत पाहा. जाझची म्हणून गणली जाणारी पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ सालची. तिच्यातले पाचही वादक गोरे. १९२४ मध्ये पॉल व्हाइटमन यांनी न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ प्रथम सादर केली. रचना सुंदर, पण बहुतेक स्वर आधीच कागदावर मांडलेले. तरी ‘जाझचा राजा’ ही पदवी मिळाली व्हाइटमन यांनाच, आणि १९३० साली त्याच नावाचा बोलपटही निघाला. १९२७ च्या ‘द जाझ सिंगर’मध्ये अल जोल्सन गातो, ती बहुतांशी त्या काळची लोकप्रिय रंगमंचीय गीते. इकडे १९२५ पासून लुई आर्मस्ट्राँग शिकागोत आपल्या ‘हॉट फाइव्ह’सह या संगीताचे रूपच पालटीत होता. मुकुट एकाच्या डोक्यावर, राज्य दुसऱ्याच्या हातात!

मग जाझ ओळखायचा कसा? आपल्या बैठकीत चीज तीच असते, पण गवयाची उपज रोज निराळी. बहुतेक जाझमध्येही तसेच. धून ठरलेली, तिचा विस्तार मात्र जागच्या जागी सुचलेला. आणि ठेका असा झुलता, की तो कागदावर नीट उतरत नाही.

१९३५ साली लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या वादकांनी ही विद्या आपलीशी केली. त्यांतले चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचे साथीदार झाले. १९५१ च्या ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. त्या गाण्यांना सरसकट जाझ म्हणणे चूक. ती बांधेसूद चित्रपटगीतेच आहेत. पण त्यांच्या पितळी वाद्यांमागे जाझची तालीम आहे, हे विसरणे त्याहून मोठी चूक.

खुद्द ड्यूक एलिंग्टन यांनाही ही पाटी फारशी रुचत नसे. तेव्हा सोवळेओवळे पाळा, असे माझे म्हणणे नाही. मात्र नाव सैलपणे वापरले, की श्रेय भलत्याच्या पदरात पडते, एवढे खरे. पुढच्या वेळी ‘जाझ’ म्हणण्यापूर्वी क्षणभर कान द्या : वाजवणाऱ्याला आत्ता, इथे, काही नवे सुचते आहे का?