चिखलाच्या वाटेसाठी एका गेअरची सायकल

गेअरच्या सायकलीतील मागचे व पुढचे गेअर काढून ती एकाच चक्रीवर चालेल अशी करणे, यास ‘सिंगल स्पीड’ रूपांतर म्हणतात. पावसाळ्यात रोज कामावर सायकलने जाणाऱ्यांना त्याचा विचार करावा लागतो, याचे कारण आपल्या मातीत आहे. जांभ्या दगडाच्या झिजेतून आलेली तांबडी माती अत्यंत बारीक असते. ती साखळीच्या तेलात मिसळली की घासकागदासारखा लेप तयार होतो. साखळी, मागच्या चक्र्या आणि डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, या साऱ्यांची झीज हा लेप करतो. डिरेलरच्या दोन लहान चाकांत रेंदा, गवत अडकते. त्याला धरणारा पातळ हँगर वाकतो. कधी तो सगळाच मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये ओढला जातो. हे घडले की सायकल दोन दिवस दुकानात आणि माणूस बसथांब्यावर.

पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल भर पावसात वर्षानुवर्षे चालते, ती तिच्यात बिघडण्यासारखे थोडेच असते म्हणून. एक गंमत म्हणजे ‘टूर द फ्रान्स’सारख्या शर्यतीतही १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती.

पहिला प्रश्न दातांच्या प्रमाणाचा. आपल्याकडील २६ इंची गेअरच्या सायकलींत पुढे अनेकदा ४२, ३४ व २४ दातांची तीन चेनव्हील असतात. मधले ३४ आणि मागे १६ दात घेतले तर प्रमाण साधारण २.१ येते. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारल्यास वेग ताशी १६ किलोमीटरच्या जवळ पडतो. सपाट रस्त्याला हे पुरते. वाटेत चढण असल्यास मागे १८ दात बरे. पणजीत आल्तिनोवर रोज चढणाऱ्याने किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्याने मात्र या वाटेला जाऊच नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

खर्च करण्यापूर्वी एक चाचणी फुकटात होते. डिरेलरवरील दोन मर्यादा-स्क्रू फिरवून साखळी मधल्या एका चक्रीवर अडकवावी आणि पंधरा दिवस तशीच चालवावी. आपला पाय कोणते प्रमाण मागतो ते कळते.

खरी अडचण येते ती साखळीच्या ताणात. डिरेलर हा साखळी ताणूनही धरतो. तो काढला की ते काम दुसऱ्या कशाने तरी व्हावे लागते. मागच्या आसाची खाच आडवी असेल तर चाक मागे सरकवून ताण देता येतो. खाच उभी असेल तर चाक सरकत नाही आणि साखळी तर इंचाच्या मापानेच कमी-जास्त होते. म्हणून अशा सायकलीला ‘चेन टेन्शनर’ हा एका चाकाचा भाग लावावाच लागतो. त्याविना, जुन्या सात चक्र्या तशाच ठेवून साखळी तोडून बसवण्याचा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे. त्या चक्र्यांचे दात साखळी शेजारच्या चक्रीवर सहज जावी अशाच आकाराचे असतात. साखळी मोठ्या चक्रीवर चढली की एकदम ताठ होते आणि चाक अडकते. मागून बस येत असताना हे झाले तर काय, याची कल्पना करावी.

मागची चक्री बदलण्याचे दोन प्रकार आहेत. हबवर सरकवून बसवलेली कॅसेट असल्यास एक चक्री आणि दोन्ही बाजूंना स्पेसर एवढ्यावर काम भागते. चक्री पुढच्या चेनव्हीलच्या सरळ रेषेत आणणेही सोपे. स्वस्त सायकलींत आट्यांचे फ्रीव्हील असते. पेडल मारताना ते अधिकच घट्ट होत गेलेले असते, त्यामुळे काढायला योग्य हत्यार व पक्का शिकंजा हवा. त्याजागी एका चक्रीचे फ्रीव्हील बसते, पण साखळीची रेषा आत सरकते. आसावरचे वॉशर उजवीकडून डावीकडे नेऊन स्पोक पुन्हा ताणावे लागतात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

पुढची चेनव्हील रिव्हेटने जोडलेली असतील तर ती तशीच राहू द्यावीत. बोल्टची असतील आणि एकच ठेवायचे असेल, तर आखूड बोल्ट लागतात. १/८ इंची रुंद साखळी ३/३२ इंची चक्रीवर चालते, उलट चालत नाही. नव्या चक्रीवर साखळी नवीच घालावी. आडव्या खाचेच्या सायकलीत ती मधोमध अर्धा इंच वर-खाली हलेल इतपत सैल असावी, आणि पहिल्या आठवड्यानंतर ताण पुन्हा तपासावा.

ब्रेकची समस्या याने सुटत नाही. रिमवर घासणारे ब्रेक पॅड चिखलात तसेच झिजतात. पुढच्या मडगार्डला खाली रबरी फडके लावल्यास साखळीवर उडणारा रेंदा कमी होतो. काढलेले फ्रीव्हील आणि त्यावर चाललेली साखळी पुसून, तेल लावून एकत्र बांधून ठेवावीत; दोन्ही एकमेकांबरोबर झिजलेली असल्याने दिवाळीनंतर गेअर पुन्हा बसवताना तीच जोडी नीट चालेल.