नाव आणि भाकर

इ. स. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या प्रसंगी, २६ मे रोजी, मुंबई-साष्टीच्या मराठीभाषी कॅथॉलिकांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापिली. गोमंतक व मंगळूरहून चाकरीस आलेल्या ख्रिस्ती बंधूंहून आपण निराळे, हे सरकारास दर्शविण्याकरिता त्यांनी १८७४ साली विसर्जित झालेल्या कंपनीचे नाव पत्करिले. हेतू पोटाचा होता, हे कबूल केलेच पाहिजे. त्या नावाच्या छायेत मायबोली, लुगडे व लग्नातील उंबराचे पाणी यांचा अभिमान जोपासला गेला, हे खरे; परंतु एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे भाकरीसाठी विभागले गेले, हेही तितकेच खरे.

प्रिय भाविकहो, किन्हीराजासारख्या गावाहून आलेला बंधू आपल्या मंडळाच्या दारी उभा राहिल्यास त्याचे कूळ न पुसता त्यास आत घ्यावे.