कानसेन घडवणारी शाळा

तालुक्याच्या कुठल्याही गावात गेलात तर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत संगीत विद्यालयाची एखादी पाटी दिसते. आतून पेटीचा सूर येत असतो, उंबऱ्याबाहेर लहानमोठ्या चपलांची गर्दी असते आणि भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक डकवलेलं असतं. या दृश्यात आज कुणालाच नवल वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे दृश्य जवळजवळ अशक्य होतं. ते शक्य झालं कसं, आणि त्यासाठी कुणाला काय किंमत मोजावी लागली, हा आपल्या सांस्कृतिक इतिहासातला मोठा बोधप्रद भाग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रागदारी गाणं कुठे होतं, ते आधी पाहू. ते संस्थानिकांच्या दरबारात होतं, सरदारांच्या वाड्यात होतं, कलावंतिणींच्या दिवाणखान्यात होतं आणि उस्तादांच्या घरात होतं. शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, वर्षानुवर्षं सेवा करायची. मग गुरूची मर्जी झाली तर एखादी चीज पदरात पडायची. मिरज-इचलकरंजीच्या परिसरात ग्वाल्हेरची गायकी आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर अशाच खडतर वाटेनं शिकले होते. सर्वसामान्य पांढरपेशा घरातल्या माणसाच्या कानावर गाणं पडायचं ते कीर्तनात आणि नाटकात. मुलानं गाणं शिकावं असं मात्र त्या घराला वाटत नसे, आणि मुलीनं शिकणं तर दूरच राहिलं. गाणं आवडायचं, पण गाणाऱ्याला पंक्तीत मानाचं पान नसायचं.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा काढली. पण शहराच्या, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या बळावर गाण्याची शाळा चालवायची, आणि त्या शाळेतून दुसऱ्या शाळा चालवणारे शिक्षक तयार करायचे, ही कल्पना ध्यास घेऊन राबवली ती विष्णु दिगंबर पलुसकरांनी.

पलुसकरांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्यामुळे डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि नेहमीच्या शिक्षणाची वाट बंद झाली. म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला पाठवण्यात आलं. बारा वर्षांच्या आसपास ते तिथे शिकले. त्यांनी मिरज सोडली ती १८९६ साली. त्यामागचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रातून नेहमी सांगितला जातो. गावात एका समारंभाचं निमंत्रण त्यांना आलं, पण प्रत्यक्ष त्यांच्या गुरूंना आलं नाही, कारण ते ‘गवई’ होते. प्रसंग नेमका कसा घडला हा तपशील बाजूला ठेवला, तरी पुढच्या पस्तीस वर्षांत या माणसानं जे केलं ते त्या एका अपमानाला दिलेलं उत्तर होतं, असं वाटत राहतं.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करत ते पंजाबात पोचले. वाटेत त्यांनी राजेरजवाड्यांपुढे गाऊन बिदागी घेतली, तशाच जाहीर मैफलीही केल्या. तिकीट काढून गाणं ऐकायला येणारा माणूस हा नवाच प्राणी होता. तो गवयाचा मालक नव्हता आणि गवई त्याचा आश्रित नव्हता. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मुलूख परका, भाषा परकी. पहिले काही दिवस विद्यार्थ्यांची वाट पाहण्यातच गेले, अशी आठवण सांगितली जाते. तरीही शाळा रुजली.

ती रुजली कशी, हे नीट पाहण्यासारखं आहे. गावातल्या माणसाला गाण्याची भीती का वाटते, याचा पलुसकरांनी विचार केला होता. गाण्यातले शब्द घरात म्हणण्याजोगे नसतात, ही पहिली तक्रार. त्यांनी शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर पदं बसवली. गुरू मनाला येईल तेव्हा शिकवतो, ही दुसरी. त्यांनी वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि परीक्षा आणल्या. त्यांचे कार्यक्रम ठरल्या वेळेला सुरू होत, हे त्या काळात आश्चर्यच होतं. विद्या तोंडी असते आणि गुरूबरोबर जाते, ही तिसरी. त्यांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली, स्वतःचा छापखाना घातला, पुस्तकं आणि मासिक काढलं. बायकांनी गाणं शिकायचं कुठे, या प्रश्नावर त्यांनी स्त्रियांसाठी वर्ग काढले. कीर्तनकाराच्या मुलाला एक गोष्ट ठाऊक होती. देवळात जमलेलं गाव गाण्याला बिचकत नाही, कारण ती जागा त्याची स्वतःची असते. शाळाही तशीच, शहराला आपली वाटली पाहिजे.

सर्वांत दूरदृष्टीचा भाग होता उपदेशक वर्गाचा. काही निवडक मुलांना विद्यालयात ठेवून घ्यायचं, त्यांच्या राहण्याजेवण्याचा खर्च संस्थेनं करायचा, आणि त्या मुलांनी ठरावीक वर्षं शिकून पुढे शिक्षक व्हायचं. मिरजेचे विनायकराव पटवर्धन अगदी लहान वयात लाहोरला गेले ते असेच. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही सारी पुढे नावारूपाला आलेली मंडळी पलुसकरांच्याच हाताखाली तयार झाली. तानसेन निर्माण करता आले नाहीत तरी कानसेन निर्माण करू, हे वाक्य पलुसकरांच्या नावावर सांगितलं जातं. शब्द कुणाचेही असोत, काम मात्र तेच होतं. चांगलं ऐकणारा समाज तयार झाला तर गाणाऱ्याला दरबाराची गरज उरणार नाही, हे त्यामागचं गणित होतं.

१९०८ साली विद्यालय मुंबईत आलं आणि वाढलं. वाढलं तशी स्वतःच्या मोठ्या इमारतीची आस लागली. सँडहर्स्ट रोडवर इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. ते फेडण्यासाठी पलुसकर गावोगाव मैफली करत हिंडू लागले. म्हणजे संस्थेचा प्राण असलेला माणूसच संस्थेबाहेर राहू लागला. हप्ते थकले आणि १९२० नंतरच्या काही वर्षांतच इमारतीचा लिलाव झाला. ज्यांनी हजारो लोकांना गाण्याजवळ आणलं, त्यांना मुंबईत स्वतःचं छप्पर राखता आलं नाही. त्यांनी नाशिकला आश्रम काढला, रामायणावर प्रवचनं केली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथेच संपली असती तर ती एका अपयशाची गोष्ट ठरली असती. पण इमारत गेली तरी उपदेशक वर्गातले शिष्य होते. १९३१ सालच्याच अखेरीस ते अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. विनायकराव पटवर्धन तोवर बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गायक नट म्हणून नावाजले होते. रंगभूमी सोडून त्यांनी ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. देवधरांनी त्याआधीच, १९२५ साली, मुंबईत संगीतशाळा काढली होती. कुमार गंधर्व शिकले ते याच शाळेत. ओंकारनाथ १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. खरे साबरमती आश्रमात गेले, तिथल्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला आणि १९३० साली दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालले. दरबारात जन्मलेली विद्या सत्याग्रहींच्या रांगेत पोचायला तीस वर्षंसुद्धा लागली नाहीत. मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद, अलंकार या परीक्षांचे शब्द पुढे मराठी घरांतल्या रोजच्या बोलण्यात आले, ते या लहान लहान शाळांमुळे.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दार उघडलं खरं, पण ते सगळ्यांसाठी सारखं उघडलं नाही. गाणं ‘सोवळं’ करण्याच्या भरात, ज्यांनी ते शतकानुशतकं सांभाळलं त्या कलावंतिणींना या नव्या जगात मानाची जागा मिळाली नाही. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे पलुसकरांच्या गाण्याचा उगमच मुसलमान उस्तादांच्या घरातला. पण भक्तिपदांनी आणि प्रार्थनेनं भारलेल्या विद्यालयाच्या वातावरणात उस्तादांच्या घरातल्या मुलाला ते आपलं वाटलं असतं का, हा प्रश्न उरतोच. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी गायनाला हरकत घेतली आणि तरीही पलुसकर गायले. या प्रसंगाकडे निर्भयतेचं उदाहरण म्हणून पाहिलं जातं, आणि ते तसं आहेही. पण ‘लोक’ म्हणताना कोण कोण डोळ्यांपुढे असतं, याची खूणही त्यात आहे. गोमंतकातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना घडवलं ते अल्लादिया खाँसाहेबांच्या घरंदाज तालमीनं, वर्गातल्या फळ्यानं नव्हे. अर्थात त्यांच्या मैफलीला जाणकार श्रोता लाभला, त्यात या शाळांचा वाटा नक्कीच होता.

गाव आणि संगीत यांचं नातं किती पदरी असतं, हे पाहायचं तर पुन्हा मिरजेलाच यावं लागतं. इथे गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आहे. इथेच अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. त्यांनीही १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढून शिष्यांना घरच्यासारखं वाढवलं होतं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि तिथे कुठल्याही धर्माचा गायक आणि कुठल्याही धर्माचा श्रोता येऊन बसतो. आणि याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची वस्ती आहे. शस्त्रं घडवणारे, त्यांना धार लावणारे शिकलगार. शस्त्रांची मागणी आटली तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. गावोगाव गाण्याच्या शाळा निघत गेल्या, तसे त्या प्रत्येक शाळेला तंबोरे लागले. शाळेनं गायकाला जगवलं, श्रोत्याला घडवलं आणि कारागिराच्या चुलीलाही हातभार लावला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या जुन्या नात्याचंच फळ.

आज नाट्यगृहं, कलादालनं, सांस्कृतिक केंद्रं बांधण्याचा उत्साह मोठा आहे. कोनशिला बसते, उद्घाटन होतं आणि मग खुर्च्या रिकाम्या का, असा प्रश्न पडतो. दोष लोकांच्या अभिरुचीला दिला जातो. पलुसकरांनी लाहोरच्या रिकाम्या वर्गात बसून लोकांना दोष दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. लोकांची अडचण कशात आहे, हे त्यांनी शोधलं आणि शाळा त्याप्रमाणे बदलली. त्यांची चूक झाली ती इमारतीच्या बाबतीत, आणि त्यांना तारलं ते माणसांमध्ये केलेल्या गुंतवणुकीनं. त्यांच्या दारातून कोण आत येऊ शकलं नाही, हेही विसरून चालणार नाही. आपल्या गावातल्या संस्थांकडे पाहताना हेच प्रश्न विचारले पाहिजेत. इथे कोण येतं? कोण येत नाही, आणि का? आणि उद्या ही वास्तू नसली, तर इथून शिकून गेलेली किती माणसं हे काम दुसरीकडे सुरू करतील? तालुक्याच्या गावातल्या त्या साध्या पाटीमागच्या पेटीच्या सुरात या शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर रोज संध्याकाळी ऐकू येत असतं.