वजूचं पाणी आणि मलिक अंबरची नहर

मलिक अंबरचं नाव निघालं की आपली मान ताठ होते. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांना त्यानं दख्खनेत वर्षानुवर्षं झुंजवत ठेवलं. 1610च्या सुमारास त्यानं खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. पण मला त्याच्या लढायांपेक्षा त्यानं बांधलेली नहर-ए-अंबरी मोठी वाटते.

शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथं जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी नहरीत गोळा करायचं आणि नुसत्या उतारानं शहरात आणायचं, अशी ही योजना. इराणातल्या कनातीच्या जातीची. मोट नाही, पंप नाही. जमीन जेवढं देईल तेवढंच पाणी नहरीत येणार. आजची बोअरवेल याच्या नेमकी उलट आहे. खालचं पाणी किती उरलंय याचा विचार न करता ती उपसत राहते.

नंतरच्या काळात बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याला पाणचक्की झाली. तिथलं पाणी वेगळ्या नहरीनं आणलेलं. ते चक्कीच्या पात्यांवर पडे, जातं फिरे आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळलं जाई. तेच पाणी पुढे हौदात येई. त्या हौदाखाली मोठं दालन आहे, हौदाच्या पाण्यानं ते थंड राहतं. एकाच पाण्याकडून इतकी कामं करून घेणाऱ्या माणसांना पाण्याची किंमत कळली होती, हे उघड आहे.

आता आपल्याकडे पाहू. मध्यंतरी मी घरच्या नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वजू केला. नंतर तांब्यानं मोजलं तर पाच लिटरहून जास्त पाणी भरलं. दिवसाच्या पाच नमाजांचे पंचवीस लिटर, तेही एकट्या माणसाचे. आणि याच शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, गल्लीबोळांत टँकर फिरतात.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वजू करत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अनस यांच्याकडून आलं आहे. मुद म्हणजे वेगवेगळ्या हिशेबांनी पाऊण ते एक लिटर. साअ म्हणजे चार मुद. म्हणजे माझ्या एका वजूच्या पाण्यात त्यांचं गुस्ल झालं असतं! दाढी किती लांब असावी यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. ही सुन्नत मात्र कुणाच्या चर्चेत नसते.

नळ आला आणि माप गेलं. बधन्यात पाणी घेतलं की ते संपताना दिसतं, म्हणून हात आपोआप आवरतो. नळाचं पाणी संपताना दिसत नाही. डोक्यावर मसह करतानाही तो वाहतच असतो. त्या वेळी वाहणारं पाणी ना वजूचं, ना कुणाच्या तहानेचं. कुरआननं इस्राफ म्हणजे उधळपट्टी नापसंत ठरवली आहे. तो हुकूम लग्नाच्या जेवणावळींपुरता नाही.

मी आता घरी बधना वापरतो. पहिले काही दिवस दीड बधना लागला, आता एकात भागतं. मशिदीत नळ आहेत, तिथं तोटी अर्धीच उघडायची आणि मधे मधे बंद करायची. वजूखान्याचं पाणी गटारात सोडण्याऐवजी आवारातल्या झाडांना किंवा शोषखड्ड्यात नेता येईल. त्याचा खर्च एखाद्या मशिदीच्या रोषणाईपेक्षा जास्त नसावा. जमातीत हा विषय काढला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, पाणी अल्लाहचं आहे." मी म्हटलं, "चचा, म्हणूनच तर हिशेब द्यावा लागेल."

मलिक अंबरच्या नहरीचा अभिमान जरूर बाळगू. पण त्याआधी तोटी बंद करू.